सुरी तीच, म्यान नवं

“सुरी अजून ठणठणीत आहे हो, म्यान तेवढं गेलंय. नुसतं म्यान कुठे मिळतं?”

डोंगरात भटकणाऱ्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. चांगल्या पोलादाची सुरी नीट वापरली तर वीस-वीस वर्षं टिकते. म्यानाचं तसं नसतं. कुणाची शिवण उसवते, कुणाचं प्लॅस्टिक पट्टा ओवायच्या लूपपाशी तडकतं, कुणाचं म्यान जंगलात करवंदीच्या जाळीत अडकून राहतं. दुकानात गेलं तर उत्तर ठरलेलं असतं : “नुसतं म्यान येत नाही, सुरीच नवी घ्या.” ऑनलाइन शोधलं तर म्यानांचा ढीग समोर येतो. प्रत्येकाखाली ‘पाच इंची सुरीसाठी’ असं लिहिलेलं असतं, आणि मागवलेलं म्यान एकतर ढगळ निघतं, नाहीतर त्याच्या तोंडातून सुरी आतच जात नाही.

या प्रकरणात आपण फक्त न मिटणाऱ्या सुरीबद्दल बोलणार आहोत. मिटणाऱ्या चाकूची मूठ हेच त्याचं म्यान असतं, त्यामुळे तो या भानगडीतून सुटला.

१. म्यान नेमकं काय करतं?

१९९१ साली आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सीमेवर, बर्फात गोठलेला एक माणूस सापडला. तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याला ‘ओट्झी’ हे नाव पडलं. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याची, लाकडी मुठीची छोटी सुरी होती, वीतभरही नसेल. आणि त्या सुरीला म्यान होतं : लिंडेन झाडाच्या अंतर्सालीच्या धाग्यांनी विणलेलं, कमरेला अडकवायची सोय असलेलं. धातूची सुरी सर्रास होण्याआधीच माणसाला म्यानाची गरज कळली होती, ती अशी.

म्यानाची कामं तीन. धारेपासून आपल्याला वाचवणं, जगापासून धारेला वाचवणं, आणि सुरी हरवू न देणं. पहिली दोन सगळ्यांना सुचतात. तिसरं आठवतं ते गडावरून खाली आल्यावर कमरेला हात गेला आणि म्यान रिकामं लागलं, की.

आता खरी गोम बघा. सुरी पडू नये म्हणून म्यानाने तिला घट्ट धरलं पाहिजे, पण धारेला मात्र कशाचाही स्पर्श होता कामा नये. कारण धार ज्याला टेकेल त्याला कापेल, आणि कापता कापता स्वतःही बोथट होईल. मग धरायचं कुठे? मांजर पिल्लाला मानेला धरते, तिथे. सुरीचीही मान असते : पातं संपून मूठ सुरू होते तो भाग. चांगलं म्यान सुरीला मानेशी, मुठीशी किंवा पात्याच्या सपाट बाजूंनी धरतं आणि धारेच्या बाजूला पोकळी ठेवतं. पुढे चामडं, प्लॅस्टिक, कापड यांबद्दल जे काही येईल ते सगळं या एका गोष्टीसाठी केलेली खटपटच आहे.

आपल्याकडे कोकणात या प्रश्नाला बगल देणारी एक साधी युक्ती आहे. कोयत्याचं पातं वाकडं, ते सरळ म्यानात जाणार कसं? म्हणून कमरेला मागच्या बाजूला दोरीने आकडी बांधायची आणि तिच्यात कोयता अडकवायचा. हात मागे नेला की कोयता हाती. धार उघडीच राहते, पण वापरणाऱ्याची कंबर त्या वजनाला जन्मभर सरावलेली असते. महिन्यातून एकदा गडावर जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी मात्र ही युक्ती करू नये.

२. सुरीचं नाव नको, माप घ्या

म्यान शोधताना लोक सुरीचं नाव सांगतात. नावावर फसायला होतं. अमेरिकेच्या मरीन सैनिकांमुळे प्रसिद्ध झालेली ‘का-बार’ सुरी घ्या. तिचं मूळ पातं ७ इंचांचं, म्हणजे १७८ मिमी. त्याच घाटाची धाकटी सुरी सव्वापाच इंचांची, १३३ मिमी. धाकटी मोठीच्या म्यानात गेली तर खुळखुळ्यासारखी वाजेल, आणि मोठी धाकटीच्या म्यानात अर्धवट बाहेर राहील.

म्हणून कोरा कागद घ्या, त्यावर सुरी आडवी ठेवा आणि पेन्सिलने तिचा आकार गिरवा. धारेकडून गिरवताना पेन्सिल जरा लांबून फिरवा, बोटं जपा. मग पट्टीने ही मापं लिहा : पात्याची लांबी, मानेजवळची रुंदी, पात्याची सर्वांत जास्त रुंदी, पाठीची जाडी, आणि मुठीच्या पहिल्या तीन सेंटिमीटरमधला घेर. शेवटचं माप बहुतेक जण घेतच नाहीत. ते का लागतं ते पुढच्या भागात कळेल.

समजा मापं अशी आली : लांबी १२५ मिमी, मानेजवळ रुंदी २६, सर्वांत जास्त रुंदी २९, जाडी ४. म्हणजे पातं पिंपळपानासारखं मधे फुगलेलं आहे. २९ मिमीचा फुगवटा आत जायचा असेल तर म्यानाचं तोंड किमान तेवढं हवं. पण सुरी पूर्ण आत गेल्यावर त्या तोंडात बसणार आहे २६ मिमीची मान. उरले ३ मिमी, तेवढी सुरी हलणार. ‘माप बरोबर होतं तरी वाजते कशी?’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. अशा सुरीला निव्वळ घट्ट तोंडाचं म्यान पुरत नाही, दुसरी काहीतरी पकड लागते.

विकणाऱ्याला विचारायचं तेही हेच : तोंड आतून किती रुंद, किती जाड, आणि खोली किती? ‘सगळ्या पाच इंची सुऱ्यांना बसतं’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानाकडे वळा. सगळ्यांना बसणारं म्यान कुणालाच धरत नाही.

३. मान धरायच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा खोल गळ्याची. फिनलंडची पारंपरिक सुरी म्हणजे ‘पुक्को’. तिच्या मुठीपुढे बोट अडवणारा आडवा दांडा नसतो, पात्यापासून मूठ सरळ सुरू होते. तिचं चामडी म्यान पात्यावर थांबत नाही, मुठीचाही बराच भाग गिळतं. मुठीचा फुगवटा चामड्याच्या गळ्यात रुतून बसतो, बाटलीत बूच बसावं तसा. आत पात्यासाठी लाकडाचं कोरलेलं घर असतं, त्यामुळे धार चामड्यापर्यंत पोचतच नाही. ना वादी, ना बटण. तुमच्या सुरीला आडवा दांडा नसेल तर असं खोल म्यानच शोधा. मुठीचा घेर मोजायला सांगितला तो यासाठी.

दुसरी तऱ्हा खटक्याची. कडक प्लॅस्टिकच्या म्यानाला मानेशी किंवा आडव्या दांड्याशी एक उंचवटा असतो. सुरी आत ढकलली की ‘टक्’ असा आवाज येतो आणि ती बसते. टिफिनच्या झाकणाची कडी बसल्यावर जसा हाताला भरवसा वाटतो तसंच.

तिसरी तऱ्हा मुठीभोवती वादी आणि तिला टिचबटण. ही जुनी, स्वस्त आणि दुरुस्तीला सोपी. फक्त एक बघून घ्या : सुरी उपसताना वादी धारेच्या वाटेत लोंबते का? लोंबत असेल तर सहा महिन्यांत तुम्हीच ती कापून टाकाल.

४. चामडं : दोरा कुठे आहे ते बघा

माझ्या सुरीच्या चामडी म्यानाची शिवण टोकाकडून उसवली तेव्हा मी समजलो की पावसाने दोरा कुजला. कोल्हापुरात चपला करणाऱ्या एका कारागिरांना ते दाखवलं. त्यांनी म्यान उजेडाकडे धरलं, आत डोकावले, दोऱ्याचं टोक नखाने उचललं.

“दोरा कुजला न्हाई सायेब. तुमच्याच सुरीनं कापलाय.”

म्यान म्हणजे चामड्याचा एक तुकडा मधोमध दुमडून एका कडेने शिवलेला. करंजीच म्हणा : पाठीकडे घडी, धारेकडे मुरड. आता सुरी ठेवली की धार नेमकी मुरडीवर, म्हणजे दोऱ्यावर येते. रोज आत-बाहेर करताना एकेक टाका कापला जातो. यावर उपाय म्हणजे दोन पदरांच्या मधे, धारेच्या बाजूने, चामड्याची आणखी एक पट्टी घालून तिन्ही थर एकत्र शिवायचे. धार घासलीच तर पट्टीला घासते, दोरा पट्टीच्या मागे सुरक्षित राहतो. पट्टी साधारण पात्याच्या जाडीइतकी हवी. माझ्या म्यानात ती नव्हतीच. नवं चामडी म्यान विकत घेताना कडेकडून बघा : दोनच थर दिसले तर घेऊ नका, तीन दिसले तर पुढचं बोला.

दुसरं बघायचं ते चामडं कमावलंय कशाने. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं चामडं मऊ, लवचीक असतं, पिशव्यांना आणि जाकिटांना छान. पण म्यानाला ते लेचंपेचं पडतं, आणि त्यात राहिलेले क्षार दमट हवेत पोलादाला गंज आणू शकतात. झाडांच्या साली-फळांनी कमावलेलं चामडं ताठ असतं, आणि ओलं केलं की मातीसारखा आकार घेतं. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं, बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. त्या पट्ट्यात राहत असाल तर म्यानासाठी परदेशी संकेतस्थळं धुंडाळायची गरज नाही. तळाचं जाड कातडं, आरी, रापी आणि हात, सगळं तिथेच आहे. ओळख साधी : कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी असेल तर बहुधा सालीने कमावलेलं, मधे निळसर-राखी झाक असेल तर क्रोमचं.

कारागिराकडे जाताना किती चामडं लागेल याचा अंदाज असावा. आपल्या उदाहरणातल्या सुरीला २९ मिमी एका बाजूला, ४ मिमी पाठ, २९ मिमी दुसऱ्या बाजूला, मिळून ६२. तीन मिमी जाड चामड्याची घडी वळायला साधारण ५ मिमी जातात, झाले ६७. शिवणीसाठी दोन्हीकडे १०-१०. एकूण ८७, म्हणजे ९० मिमी रुंद तुकडा कापायचा आणि शेवटी कड रापीने समान करायची. टाके बाहेरच्या कडेपासून ४ मिमी आत घातले तर धार आणि दोरा यांच्यात ६ मिमी चामडं राहतं. ते सहा मिलिमीटर म्हणजे म्यानाचं आयुष्य.

टाकाही विचारून घ्या. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की शेजारचे टाके सुटत जातात. हाताच्या शिलाईत एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया आरपार. एक पदर तुटला तरी दुसरा धरून राहतो. दोरा किती लागतो बघा : तीन थर म्हणजे ९ मिमी जाडी, टाका ४ मिमीचा. एका सुईला एका टाक्यात ९ अधिक ४ म्हणजे १३ मिमी, दोन सुयांना २६. शिवण १२० मिमी, म्हणजे ३० टाके. तीस गुणिले सव्वीस, ७८० मिमी. हातात धरायला टोकं सोडून सव्वा मीटर मेण लावलेला दोरा घेतला की झालं. मी हे गणित मांडून दाखवलं तेव्हा कारागीर हसले. त्यांनी दोन्ही हात पसरून दोरा मोजला, तेवढाच भरला.

शिवून झाल्यावर म्यान कोमट पाण्यात भिजवतात, सुरीला तेल लावून तिच्यावर स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळून आत सरकवतात, आणि मानेपाशी अंगठ्याने दाबून दाबून चामडं बसवतात. मग सावलीत एक-दोन दिवस वाळवायचं. उन्हात ठेवलंत तर चामडं कडक होऊन तडकेल.

चामड्याचा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. सह्याद्रीत चार महिने चामडं वाळतच नाही, बुरशी धरतं, आणि ओल्या म्यानात ठेवलेलं कार्बन पोलाद बघता बघता तांबूस पडतं. त्यामुळे घरी आल्यावर सुरी म्यानाबाहेर ठेवावी, पात्याला तेलाचं बोट फिरवून. खोबरेल चालतं, फक्त साधारण २४ अंशांखाली ते थिजतं, तेव्हा थंडीतल्या मुक्कामात पात्यावर पांढरा थर दिसला तर घाबरू नका. म्यानाला मात्र तेल पाजू नका. तेलाने चामडं मऊ पडतं आणि बसवलेला गळा ढिला होतो. मेणाचा हलका हात पुरे.

लाकडी म्यानांबद्दल दोनच शब्द. नेपाळी खुकरीचं म्यान, ‘दाप’, म्हणजे लाकडाच्या दोन फळ्यांवर म्हशीचं कातडं. ते धरताना बोटं धारेच्या बाजूला गुंडाळू नयेत असं शिकवतात, कारण जुन्या म्यानाच्या जोडातून धार बाहेर आलेली असू शकते. आपल्याकडच्या तलवारींच्या लाकडी म्यानांना तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकाशी तहनाळ बसवत. म्यान आधी झिजतं ते याच दोन जागी. आजचं कुठलंही म्यान तपासताना नजर तिथेच आधी टाका.

५. पापडासारखं प्लॅस्टिक

भाजलेला पापड तव्यावरून उतरल्या उतरल्या गुंडाळता येतो, दोन मिनिटांनी हात लावला की मोडतो. कायडेक्स नावाचं प्लॅस्टिक तसंच वागतं. १९६५ च्या सुमारास ते विमानांच्या आतल्या भागांसाठी बनवलं गेलं, सुरीवाल्यांनी ते नंतर उचललं. दीड-दोन मिमी जाड पत्रा दीडशे अंशांच्या पुढे तापवला की मऊ पडतो, तो सुरीवर ठेवून फोमच्या गाद्यांमधे दाबायचा, थंड झाला की सुरीचा ठसा कायमचा. दांड्याशी येणारा तो ‘टक्’ या ठशातूनच मिळतो.

याचे गुण पावसात कळतात. पाणी पीत नाही, कुजत नाही, नळाखाली धुता येतं. घेताना तळाला भोक आहे ना ते बघा, नाहीतर आत पाणी साठेल. दोष दोन. आत वाळूचा कण शिरला तर चामड्यासारखा तो पोटात घेत नाही, पात्यावर ओरखडे काढत राहतो. आणि उष्णतेने घडलेली वस्तू उष्णतेने बिघडतेही. मे महिन्यात काचा बंद केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवू नका, पकड ढिली होऊ शकते.

कारखान्यात साच्यात ओतलेली म्यानं वेगळी. स्वीडनच्या मोरा सुऱ्यांबरोबर येतात ती अशी. स्वस्त, हलकी, कामाची. तसं म्यान मोडलं तर बहुतेक वेळा तडा लूपपाशी असतो आणि सुरीचं घर शाबूत असतं. अशा वेळी नवं म्यान कशाला? दोन भोकं पाडून नायलॉनच्या पट्टीचा लूप रिव्हेटने ठोकून घ्या.

हात शिवशिवत असतील तर घरच्या घरी पीव्हीसी पाइपचं म्यान करून बघता येतं. पाइप किती घ्यायचा? आपल्या पात्याचा घेर दोनदा (२९ अधिक ४), म्हणजे ६६ मिमी. बाहेरून २५ मिमीचा पाइप, भिंत २ मिमी धरली तर आतून २१, परीघ ६६. गणित तंतोतंत जुळलं आणि म्हणूनच हा पाइप घ्यायचा नाही : धार सरळ घडीला घासेल. ३२ मिमीचा घ्या. आतून २८, परीघ ८८, चपटा केल्यावर निम्मे ४४. त्यातले ३३ पात्याला, उरलेले ११ धारेच्या बाजूला चिमटून बंद करायला. साचा म्हणून खरी सुरी वापरू नका, तिच्या मापाची लाकडी पट्टी करा. आणि पाइप तापवायचा तो हीट गनने, उघड्यावर, हातमोजे घालून, वाकेल इतपतच. काळा पडेपर्यंत तापवलात तर त्यातून घशाला जाळणारा विषारी वायू निघतो.

६. कापडी म्यान

नायलॉनचं. त्याच्या आत प्लॅस्टिकचं कडक अस्तर असेल तर घ्या. नसेल तर उतारावर पाय घसरून बसलात की टोक कापडातून थेट मांडीत.

७. कमरेला कुठे?

म्यान हातात घेऊन उभ्याने बघू नका. कमरेला लावून खाली बसा, एसटीच्या सीटवर बसता तसे. ताठ, उंच म्यान असेल तर मूठ बरगडीत टोचते. तेव्हा कडीतून मोकळं लोंबणारं म्यान बरं, ते बसताना बाजूला सरकतं. पाठीवरच्या सॅकचा कमरपट्टा आणि सुरी यांचंही भांडण होतं. बरेच भटके शेवटी म्यान सॅकच्या खांदेपट्ट्याला किंवा बाजूला बांधतात. तसं करायचं तर मानेची पकड दुप्पट चांगली हवी. डावखुऱ्यांनी लूप उलट बाजूला लागतो का ते आधी विचारावं.

कायद्याचंही भान ठेवा. शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरगुती आणि शेतीकामासारख्या वापरासाठीची पाती त्यातून वगळलेली आहेत. पण शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असतो तेव्हा कमरेला सुरी लावून फिरणं अंगाशी येऊ शकतं. पायथ्याच्या गावापर्यंत ती सॅकच्या तळाशीच असू द्या. विमानात हातातल्या सामानात चालत नाही. चेक-इनच्या बॅगेत टाकायची तीही म्यानात, नीट गुंडाळून.

८. शाईची परीक्षा

नवं म्यान आलं की दोन परीक्षा घ्या. पहिली : पलंगावर जाड गोधडी पसरा, म्यान उलटं धरून तीनदा झटका द्या. बटण लावलेलं नसताना. सुरी सुटली तर म्यान परत करा.

दुसरी जास्त मजेची. निळ्या मार्कर पेनाने पूर्ण धारेवर रेघ ओढा, मुठीपासून टोकापर्यंत, आणि वाळू द्या. मग सुरी दहा वेळा आत घाला, दहा वेळा बाहेर काढा, नेहमी काढता तशीच, मुद्दाम जपून नव्हे. शेवटी खिडकीशी नेऊन बघा. रेघ जिथे पुसली गेली असेल तिथे म्यान धारेला शिवतंय.

कोल्हापुरात करून घेतलेल्या म्यानाची मी अशी परीक्षा घेतली. रेघ सगळीकडे शाबूत होती, फक्त टोकाच्या अलीकडे बोटभर जागेत शाई उडालेली. पुढच्या खेपेला म्यान, सुरी आणि मार्कर तिन्ही घेऊन गेलो. कारागिरांनी निळी रेघ बघितली, ती कशाची ते विचारलं, सुरी स्वतःच दोनदा आत-बाहेर केली. मग पुढच्या बाजूचे पाच टाके उसवून मधल्या पट्टीची आतली कड रापीने तासली. एक मिलिमीटर, फार तर दीड. परत शिवलं. पैसे विचारले तर म्हणाले, “एवढ्याचं काय घ्यायचं?” आणि तो मार्कर मात्र ठेवून घेतला.